गलबत : मराठ्यांच्या आरमारांतील लघु नौका व तिचें युद्धशास्त्र

१

मराठ्यांच्या आरमारासंबंधानें आजवर जें लेखन झालें त्यांत सरदारांचीं चरित्रें, जलदुर्गांचीं वर्णनें आणि तहांचीं कलमें यांस भरपूर जागा मिळाली आहे. ज्या नौकांच्या बळावर हें आरमार उभें होतें त्यांचा विचार मात्र त्या मानानें थोडा झाला. शिवाय १७५६ सालीं विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळालें, यावरून मराठ्यांच्या होड्या लहान व युरोपियनांचीं जहाजें मोठीं, म्हणूनच हा परिणाम झाला, असा एक सोपा निष्कर्ष पुष्कळदां काढण्यांत येतो. हा निष्कर्ष पुराव्यास धरून आहे किंवा नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

संस्कृताच्या अध्यापनांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास प्रथम शब्दाचा मोह पडावा हें साहजिक आहे. भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचे सामान्य व विशेष असे भेद करून विशेषांत दीर्घा व उन्नता असे वर्ग पाडिले आहेत. दीर्घावर्गांत गत्वरा, गामिनी, जंघाला, प्लाविनी, वेगिनी अशीं वेगसूचक नांवें येतात. आणि ज्या नौकेची कोठी पुढील टोंकाकडे असते ती 'अग्रमंदिरा' युद्धास योग्य म्हणून सांगितली आहे. परंतु वेगिनी म्हणजेच गलबत असें समीकरण मांडण्यास कसलाहि आधार नाहीं. ग्रंथांत नांव आढळलें म्हणजे नौका आढळली असें होत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षानें हिंस्रिका नौकांचा नाश करावा असें सांगितलें आहे. त्यावरून किनाऱ्यावर गस्त ठेवणें हें राज्याचें कर्तव्य प्राचीन काळींहि मानलें जाई एवढेंच निघतें, आणि तेवढें पुरे आहे.

प्रत्यक्षांत 'गुराब' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. 'गलबत' हा शब्द पोर्तुगीज 'गालेओता' पासून आला असावा, असें यूल व बर्नेल या कोशकारांचें मत आहे. शब्दांचा हा प्रवास नौकांच्या प्रवासाशीं जुळतो. १६५९ सालीं कल्याण-भिवंडीच्या बाजूस शिवाजीमहाराजांनीं लढाऊ नौका बांधण्यास आरंभ केला, तेव्हां त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज होता. पुढें पोर्तुगीजांनीं त्यास त्याच्या माणसांसह काम सोडून निघून यावयास लाविलें, हें पिसुर्लेंकरांच्या संशोधनानें उजेडांत आलें आहे. त्या नौका वीस होत्या व 'सांगिसेल' म्हणजे लहान, चपळ अशा लढाऊ जातीच्या होत्या. तात्पर्य, मराठी आरमाराचा श्रीगणेशाच लहान नौकेपासून झाला.

येथें संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. मराठींत 'गलबत' हा शब्द पुढें कोणत्याहि जहाजास लागूं लागला. म्हणून मोडी कागदांत हा शब्द आला कीं लगेच त्याचा विशिष्ट अर्थ घेऊं नये. सभासदानें गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें, पगार अशीं नांवें एकापाठोपाठ दिलीं आहेत. अशा यादींत, जेथें हा शब्द गुराबेच्या शेजारीं येतो, तेथेंच तो नौकेच्या जातीचा वाचक समजावा.

३

या जातींचें तपशीलवार वर्णन ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें दिलें आहे. तो शत्रुपक्षाचा असल्यामुळें त्यानें केलेल्या प्रशंसेस अधिक किंमत आहे. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब क्वचितच ३०० टनांवर जाई, दोन डोलकाठ्यांची सुमारें १५० टनांची असे. ती लांबीच्या मानानें फार रुंद, पाण्यांत थोडीच बुडणारी, मध्यापासून टोंकाकडे निमुळती होत जाणारी असे. पुढें चोंचीसारखा भाग निघालेला असून त्यास बाजूंचे कठडे नसत, कारण समोरची लाट वर आली तर पाणी आपोआप वाहून जावें. या चोंचीवरून मारा करण्यासाठीं ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढें तोंड करून बसविलेल्या असत. बाजूंच्या तोफा ६ ते ९ पौंडी असत.

गलबत याच घडणीचें पण लहान. मोठ्यांत मोठें ७० टनांच्या आंतबाहेर. त्यास दोन डोलकाठ्या, त्यांतील मागची अगदीं हलकी. पुढील काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड असे व तें चढविलें म्हणजे त्याचें टोंक डोलकाठीच्याहि पुष्कळ वर जाई. वजन कमी व्हावें म्हणून वरचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा करीत आणि अशा गलबतावर फक्त फिरत्या खुंटीवरील जंबुरे ठेवीत. मोठ्या गलबतांस पक्का तक्ता असून त्यांवर २ ते ४ पौंडी अशा सहा ते आठ तोफा चढवीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ४०-५० भक्कम वल्हीं. त्यांच्या बळावर गलबत वारा नसतांनाहि तासीं ४ मैल चाले.

या दोन नौका मिळून एक यंत्र होतें. आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबतें बंदरांत दबा धरून असत. परकी जहाज दृष्टीस पडतांच नांगर सोडून तीं बाहेर पडत. वारा असला तर शिडांवर धांवत. वारा पडला तर गलबतें वल्हवीत गुराबांस ओढून नेत. जहाजाच्या बाजूस तोफांची रांग असते, पिछाडीस ती नसते. म्हणून सर्वजण पिछाडीस जमत. तिन्ही डोलकाठ्या जवळजवळ एका रेषेंत आल्या म्हणजे गुराबा त्यांवर नेम धरीत, म्हणजे एक गोळा चुकला तरी दुसऱ्या काठीस लागे. डोलकाठ्या मोडल्या कीं जहाज पंगु होई. तरीहि तें शरण न आलें तर एकेका गलबतांत दोनशें-तीनशें माणसें घालून चोहोंकडून एकदम तरवारीनिशीं वर चढत. यांत कोठेंहि आंधळें साहस नाहीं. प्रतिपक्षाचें बळ जेथें नाहीं तेथेंच त्यास गांठावयाचें, हें सूत्र आहे.

४

हें सूत्र कोंकणच्या किनाऱ्यानेंच शिकविलें. तेथील खाड्यांच्या मुखाशीं वाळूचे दांडे असतात. भरतीच्या वेळींहि मोठ्या जहाजास आंत शिरणें अवघड जातें. दुपारीं समुद्राकडून खारा वारा व रात्रीं-पहांटे जमिनीकडून मतलई वारा, असा क्रम सुगीच्या महिन्यांत बहुधा चालतो. दोहोंच्या संधींत वारा पडतो. त्या वेळीं मोठें जहाज पाण्यावर ओंडक्यासारखें पडून राहतें आणि वल्ह्यांची नौका राजासारखी फिरते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, जें सामान्यतः १७१५-१६ चें मानितात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत व फार लहान नकोत, मध्यम असाव्या. वाऱ्यावांचून ज्यांचा उपयोग नाहीं अशीं अवाढव्य जहाजें करूंच नयेत. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे एका गुराबेस तीन गलबतें हें प्रमाण विचारपूर्वक ठरविलेलें आहे. शत्रु प्रबळ व वारा प्रतिकूल असेल तर जलदुर्गाच्या आश्रयास यावें, तरांड्यांस व लोकांस दगा होऊं देऊं नये, ही ताकीदहि त्यांत आहे. लाकडासाठीं रयतेचीं आंबे-फणसांचीं झाडें जबरीनें तोडूं नयेत, कारण तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, हा मजकूर सर्वांस परिचित आहेच. लहान नौकेस लहान लाकूड लागतें, ती लौकर बांधून होते व बुडाली तर लौकर भरून काढितां येते, हीहि काटकसर येथें ध्यानांत घेतली पाहिजे.

५

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी खांदेरीस लागली. १६७९ च्या पावसाळ्यांत मायनाक भंडारी यानें मुंबईच्या तोंडावरील हें बेट व्यापून तटबंदीस आरंभ केला. इंग्रजांनीं बेटास वेढा घातला. सप्टेंबरांत झालेल्या चकमकींत त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचें आरमार इंग्रजांच्या आठ नौकांवर तुटून पडलें. त्या आठांत 'रिव्हेंज' हें फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडें व दोन मचवे होते. 'डव्ह' नांवाची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली व बाकीच्या बहुतेक नौका पळाल्या. तथापि एकट्या 'रिव्हेंज'च्या तोफांपुढें मराठी नौकांस अखेर मागें सरून नागोठण्याच्या खाडीचा आश्रय घ्यावा लागला.

केवळ त्या दिवसाचा हिशेब केला तर मोठ्या जहाजाची सरशी झाली असें म्हणावें लागेल. पण प्रश्न त्या दिवसाचा नव्हता. बेटावर दाणा, चुना व दारूगोळा पोंचतो कीं नाहीं हा खरा प्रश्न होता. उथळ पाण्यांतून, रात्रीच्या अंधारांत, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या तें सामान पोंचवीत राहिल्या व इंग्रजांस त्या अडवितां आल्या नाहींत. जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. लढाईंत मागें सरूनहि मोहीम जिंकितां येते, हें या लहान नौकांनीं तेथें दाखविलें.

पुढें सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या कारकीर्दींत १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, १७२४ सालीं डचांनीं विजयदुर्गावर हल्ला केला. दोन्ही प्रयत्न फसले. कान्होजींच्या निधनानंतर (१७२९) संभाजी आंग्रे यांच्या आरमारानें १७३५ च्या डिसेंबरांत 'डर्बी' हें कंपनीचें मोठें जहाज डोलकाठ्या पाडून पकडलें. १७५४ सालीं तुळाजीच्या नौकांनीं डचांच्या तीन जहाजांच्या काफिल्यांतील दोन जाळून तिसरें धरून नेलें. इतक्या दीर्घ काळांत या नौका लहान म्हणून निरुपयोगी ठरल्या, असें दिसत नाहीं.

६

मग १७५६ सालीं काय झालें? तुळाजीचें व पुण्याच्या दरबाराचें वैर होतें. मार्च १७५५ मध्यें पेशव्यांनीं मुंबईकरांशीं करार केला. त्यान्वयें एप्रिलांत कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, जमिनीच्या बाजूनें पेशव्यांची फौज होती. तुळाजी किल्ला सोडून बोलणें लावण्यास मराठी छावणींत गेला व परत येऊं शकला नाहीं. आरमार किल्ल्याच्या तटाखालीं खाडींत एकत्र दाटून उभें होतें. आंग्र्यांनीं पूर्वीं कंपनीकडून घेतलेल्या 'रेस्टोरेशन' नांवाच्या जहाजावर गोळा पडून आग लागली व ती एका नौकेवरून दुसरीवर पसरत सर्व आरमारास भोंवली. १३ फेब्रुवारीस किल्ला पडला.

या वृत्तांतांत समुद्रावरील युद्ध कोठें आहे? ज्या नौकेचें सारें सामर्थ्य तिच्या हालचालींत, ती नौका येथें हललीच नाहीं. जिच्या पाठीशीं किल्ला व किल्ल्याच्या पाठीशीं मुलूख असावयाचा, तिच्या मागें स्वराज्याचीच फौज शत्रु म्हणून उभी होती. म्हणून येथें दोष नौकेच्या आकाराकडे जात नाहीं, दरबाराच्या धोरणाकडे जातो. तुळाजीचे अपराध लहान नव्हते. परंतु सरदारास शिक्षा करणें आणि आरमार परक्याच्या हातून नाहींसें करविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमच्या मांजरीवरून वाहणारी मुळामुठा भीमेस व भीमा कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जाते. पुण्याच्या राजकारणाची दृष्टीहि तशीच घांटाकडे पाठ करून राहिली, असें खेदानें म्हणावें लागतें.

ती नौका मात्र संपली नव्हती. विजयदुर्ग पेशव्यांकडे आल्यावर तेथें आरमाराचा सुभा राहिला, आणि १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळप यांच्या आरमारानें 'रेंजर' हें इंग्रजी जहाज घनघोर लढाईनंतर पकडलें. त्या वेळीं मराठ्यांकडे दोन मोठीं जहाजें, एक केच व आठ गलबतें होतीं. अमात्यांनीं सांगितलेलें प्रमाण तेथें अद्यापि ओळखूं येतें.

आधुनिक काळींहि हा विचार जुना झालेला नाहीं. १९७१ च्या डिसेंबरांत ४ तारखेच्या रात्रीं भारतीय नौदलाच्या निपात, निर्घात व वीर या लहान क्षेपणास्त्र-नौका, 'किलतान' व 'कच्छल' या मोठ्या नौकांच्या सोबतीनें, कराचीवर चालून गेल्या व त्यांनीं 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडविली. त्या रशियन बनावटीच्या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठीं केलेल्या व थोड्या पल्ल्याच्या होत्या. साधनें बदललीं, पण लहान नौकेनें मोठीच्या सोबतीनें जाऊन अचानक घाव घालावा व निघून यावें, ही रीत गुराब-गलबतांच्या जोडीहून फार निराळी नाहीं.

७

या विषयाचें साहित्य अद्यापि पुष्कळ मिळण्यासारखें आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें खडकांत खोदलेली आंग्रेकालीन गोदी सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद आहे. तिच्या मापांवरून नौकांच्या मापांचा विचार करितां येईल. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत छापिले, पण त्याहून कितीतरी अधिक रुमाल न छापलेले राहिले. आपल्या संग्रहांत सनदा व पत्रें जपून ठेवण्याची पद्धत आहे. परंतु सागाच्या फळ्या, काथ्याचे दोर, खिळे, राळ, शिडाचें कापड, खलाशांचा रोजमुरा यांच्या किरकोळ याद्या निरुपयोगी म्हणून बाजूस पडतात. गलबताचा इतिहास अशाच याद्यांत दडलेला आहे. ज्यांच्या घरीं कोंकणांतील जुने जमाखर्च असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां निदान नक्कल करून ठेवावे, एवढीच वाचकांस विनंति आहे.