ग्वेनला कुणी मारलं?

बुधवार हा अमेरिकेतल्या कॉमिक दुकानांचा वार. नवे अंक त्या दिवशी येतात. मी बुधवारी रात्री अंथरुणात पडून फोनवर त्यातले दोन-तीन वाचते आणि लगेच चार ओळी खरडते. चित्रं बरी, संवाद पातळ, शेवट ओढूनताणून, पाचपैकी अडीच. मग दिवा बंद.

गेल्या वर्षी याच सवयीनं एक जुना अंक वाचला आणि लिहिलं, ‘शेवट उरकलाय. मृत्यूचं कारण नीट कळत नाही. साडेतीन.’ पोस्ट करण्याआधी सहज शोधाशोध केली, तेव्हा कळलं की या ‘नीट कळत नाही’वर लोक ५० वर्षं भांडतायत.

अंक होता ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा. मुखपृष्ठावर जून १९७३, किंमत २० सेंट. लेखक गेरी कॉनवे, वय वर्षं वीस! चित्रं गिल केनची, त्यावर शाई जॉन रोमिटाची. ग्रीन गॉब्लिन पीटर पार्करच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि तिथून खाली ढकलतो. पीटर जाळं फेकतो. जाळं तिच्या पायांना चिकटतं, ती हवेतच थांबते. तिला वर ओढताना हा गडी स्वतःवरच खूश असतो. वर आल्यावर कळतं, ती गेलेली आहे. कथेचं नावसुद्धा पहिल्या पानावर नाही, थेट शेवटच्या पानावर येतं. नावातच तिचा मृत्यू आहे, म्हणून लपवलेलं.

आता नीट बघा. जाळं चिकटतं त्या चौकटीत ग्वेनची मान मागे फेकली गेली आहे आणि मानेजवळ एक छोटासा शब्द आहे: ‘स्नॅप’. काहीतरी मोडल्याचा आवाज. इतका छोटा की फोनवर झूम केल्याशिवाय माझ्याही नजरेला पडला नव्हता. थोड्याच वेळात गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला लागण्याआधीच मरतो. म्हणजे गॉब्लिन एक सांगतोय आणि तो शब्द दुसरंच. पडून मेली असेल तर खुनी गॉब्लिन. मान मोडली असेल तर तिला वाचवायला आलेल्यानंच तिला मारलं.

त्या काळात मार्व्हलमध्ये आधी चित्रं काढली जात, शब्द नंतर भरले जात. मागे गेलेली मान आधीची, आवाज नंतरचा. त्या एका शब्दानं सगळा खटला उभा केला.

आणि हा खटला लढले वाचक. आज आपण अंक वाचून दहा मिनिटांत निकाल देतो. तेव्हा पत्र लिहायचं, पेटीत टाकायचं आणि ते छापून येण्यासाठी काही महिने थांबायचं. १२१व्या अंकाचा वाद पत्रांच्या पानावर आला तो थेट १२५व्या अंकात. ही पानं म्हणजे निव्वळ ‘अंक आवडला’ छाप कौतुक नव्हतं. कथानकातली भोकं, चित्रातल्या चुका, नायकाचं वागणं, सगळ्याची चिरफाड तिथे व्हायची. डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ तर पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायचे. त्यामुळे वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले आणि स्वतःची मासिकं काढू लागले. १९६१मध्ये जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर एगो’ काढलं, त्यात मिसूरीतला एक तरुण त्यांच्या जोडीला होता: रॉय थॉमस. पुढे इंग्रजीचा शिक्षक, १९६५मध्ये मार्व्हलमध्ये लेखक, १९७२मध्ये मुख्य संपादक.

म्हणजे ग्वेन मेली तेव्हा संपादकाच्या खुर्चीत एक जुना पत्रलेखकच बसला होता. मला या इतिहासातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. १२५व्या अंकात त्यानं वाचकांना उडवून लावलं नाही. जाळ्यानं ती एकदम थांबली, त्या हिसक्यानंच ती मेली, असं त्यानं खेदानं मान्य केलं. वर असंही म्हटलं की पीटरनं काहीच केलं नसतं तरी ती मेलीच असती.

गणितही त्याच्या बाजूनं आहे. ब्रुकलिन पुलाचा मनोरा पाण्यापासून साधारण ८४ मीटर उंच. तिथून पडणारा माणूस पाण्यापाशी येईपर्यंत ताशी साधारण १४५ किलोमीटर वेगानं येतो. त्याला अर्ध्या सेकंदात थांबवायचं तर शरीराच्या वजनाच्या नऊपट हिसका बसतो. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी तर हाच प्रसंग घेऊन संवेग शिकवला. ‘न्यूटन वाचवत नाही’ हे मला बारावीत कुणी असं शिकवलं असतं तर!

पण एक गोष्ट मला खटकते. इतकी वर्षं चर्चा कशाची? पीटर दोषी की निर्दोष? ग्वेन पुलावर सबंध वेळ बेशुद्ध आहे. स्वतःच्या मरणाच्या प्रसंगात तिला एक शब्द नाही. वाचक चिडले, स्टॅन ली यांना कॉलेजांमधल्या व्याख्यानांत पोरांनी धारेवर धरलं, १९७५मध्ये तिची क्लोनसुद्धा आणून झाली. तरी तिच्या बाजूनं हा अंक कसा दिसतो, हा प्रश्न फार उशिरा आला. १९९९मध्ये गेल सिमोन यांनी, नायकाला दुःख व्हावं म्हणून मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या बायकांची यादीच इंटरनेटवर टाकली, तेव्हा कुठे या जुन्या अंकांकडे बघायची दुसरी खिडकी उघडली. ती यादीही एका वाचकाचीच. पुढे त्याही कॉमिक्सच्या लेखिका झाल्या.

२०१४मध्ये सिनेमात ग्वेन घड्याळाच्या मनोऱ्यात पडली. मी शाळेत होते. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतला एक दादा जाळं सुटताक्षणी ‘मान, मान’ असं पुटपुटला होता. तेव्हा मला वाटलं, याला सिनेमा आधीच माहीत आहे.

ते साडेतीन मी पुसून टाकले. त्या जागी आकडा अजून लिहिलेला नाही. ड्राफ्टमध्ये एकच ओळ आहे, तीही तक्रारीची: चित्रात पूल ब्रुकलिनचा दिसतो, मजकुरात मात्र त्याला जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटलंय.