कार्डाच्या टोकाची पट्टी

मंडळी, संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर सांगितलं, "जुन्या संगणकातल्या कार्डांना ब्रॅकेट कसं बसवतात, आणि ते का बसवावं लागतं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अदबीनं प्रश्न आला, "सर, तत्त्वज्ञानातलं काही नाही का?" आम्ही म्हटलं, येईल, ओघात येईल. तर आज बारामतीकर आणि इंदापूरहून मुद्दाम आलेली मंडळी दोघांनीही थोडा धीर धरावा.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. जुना डेस्कटॉप संगणक मागून पाहिला की उभ्या फटी दिसतात. काही फटींतून वायरी आत जातात, काही नुसत्या पत्र्यानं झाकलेल्या असतात. आत मुख्य पाटीवर लांब खोबणी असतात, त्यांत कार्डं उभी खोचतात. कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याची काटकोनात दुमडलेली पट्टी असते, ती म्हणजे ब्रॅकेट. वरचं दुमडलेलं टोक एका स्क्रूनं डब्याला आवळायचं. खालचं टोक निमुळतं, जिभेसारखं, ते मुख्य पाटीची कड आणि डब्याची मागची भिंत यांच्या मधल्या फटीत उतरतं. पत्रा एक मिलिमीटरपेक्षा थोडा पातळच. एवढीशी गोष्ट. भंगारात तिला किलोवर लोखंडाचा भाव मिळतो.

ही पट्टी आली कुठून? १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पीसी जाहीर केला. त्यात पाच खोबणी होत्या आणि प्रत्येक खोबणीत ६२ संपर्क. आयबीएमनं तांत्रिक माहितीचं पुस्तकही छापून विकायला ठेवलं. त्यामुळे कुणालाही या खोबणीत बसेल असं कार्ड बनवता येऊ लागलं, आणि लोकांनी ते भराभर बनवलं. त्या पीसीत दोन खोबणींमधलं अंतर एक इंच, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत आठ सूत. १९८३ मध्ये एक्सटी आला, त्यात खोबणी आठ झाल्या आणि अंतर सुमारे साडेसहा सुतावर आलं. पुढे जगभर हेच साडेसहा सूत चाललं. आज दुकानात मिळणाऱ्या नव्या डब्यातल्या फटीही त्याच वंशातल्या. आतलं सगळं बदललं, पण फटीचं माप राहिलं. इतिहासात असं फार वेळा होतं. राज्यं जातात, पायवाटा तिथंच राहतात.

ब्रॅकेटची कामं तीन. कार्ड सरळ उभं धरणं. बाहेरून वायर ओढली, ढकलली तर तो जोर कार्डाऐवजी डब्यावर जाऊ देणं. आणि फट बंद ठेवणं. फट उघडी राहिली तर आतून रेडिओलहरी बाहेर पडतात. अमेरिकेत त्याबद्दलचे नियम त्याच सुमारास कडक झाले होते, म्हणून रिकाम्या फटीवरही पट्टी आली. आपल्याकडे रेडिओलहरींची काळजी कुणाला? पण त्याच फटीतून धूळही आत येते, आणि गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीखाली राहणाऱ्यांना काजळी म्हणजे काय ते सांगायला नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. पुढे नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण आणलं आणि देशी बनावटीचे, म्हणजे बहुतेक जुळणी केलेले, पीसी शाळा, बँका, कारखाने, महाविद्यालयं यांच्याकडे येऊ लागले. मराठीच्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुण्यात झाली. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं जिस्टचं काम तिथे आलं, आणि जिस्ट कार्ड हे भारतीय लिप्यांसाठीचं कार्ड पीसीच्या खोबणीत बसू लागलं. ते घातलं की डॉसमधल्या साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटायची. तरुण मंडळींना यात काय विशेष असं वाटेल. आम्ही तेव्हा चाळिशीत होतो. पडद्यावर पहिल्यांदा 'ळ' उमटलेला पाहिला, तेव्हा खोलीतले सगळे उठून उभे राहिले होते.

आमची गोष्ट इथं सुरू होते. १९९० च्या आसपास आमच्या काही विद्यार्थ्यांनी उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी लिहून घेतल्या. धरण १९८० ला पुरं झालं होतं; माणसं अजून होती, गावं नव्हती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. देवळाचे फोटो निघतात, पण आसपासची घरं, वाटा, बांध कुणाचे होते हे देऊळ काही सांगत नाही. ते सांगणाऱ्यांचं बोलणं मुलांनी वह्यांत लिहिलं आणि मग एका एक्सटीवर जिस्ट कार्डाच्या मदतीनं टंकलं. वह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. संगणक एका कपाटात राहिला. सांगणारी माणसं आज एकही हयात नाहीत. त्या आठवणींची दुसरी प्रत नाही.

तीन वर्षांपूर्वी कपाट उघडलं तेव्हा डबा होता, वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, कार्डं होती. ब्रॅकेटं मात्र नव्हती. ती कुणी काढली? खरं सांगायचं तर आम्हीच. तेव्हा डबा सारखा उघडावा लागायचा, दर वेळी स्क्रू काढायचा कंटाळा यायचा. कार्डं नुसती खोचूनही चालायची, म्हणून पट्ट्या काढून एका खोक्यात टाकल्या, आणि खोकं कुठल्याशा साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलं.

इथं थोडं तत्त्वज्ञान, कबूल केल्याप्रमाणे. वैशेषिक दर्शनात दोन प्रकारचे संबंध सांगितलेत. तंतू आणि वस्त्र यांचा समवाय, म्हणजे वेगळे करता येत नाहीत असा. आणि हात व झाड यांचा संयोग, म्हणजे आधी वेगळे होते, जुळले, पुन्हा वेगळे होतील. कार्ड आणि ब्रॅकेट यांचा निव्वळ संयोग. म्हणूनच माणसाला वाटतं की तो तोडला तर काही बिघडत नाही. पण संयोग तुटायलाही कारण लागतं आणि त्याचा परिणामही होतो. एवढं पुरे.

परिणाम काय ते बघा. त्या काळच्या हार्ड डिस्कचं सगळं नियंत्रण वेगळ्या कार्डावर असायचं आणि डिस्कवरची मूळ आखणी त्या कार्डाच्या पद्धतीची. दुसऱ्या बनावटीचं कार्ड लावलं तर डिस्क बहुतेक वाचताच येत नाही. म्हणजे आमचं तेच एक कार्ड चालायला हवं होतं. त्याला दोन रुंद चपट्या केबली, तीस वर्षांत ताठ झालेल्या. त्या कार्डाला वर ओढतात. आणि खोबणीतले विजेचे संपर्क ब्रॅकेटच्या बाजूलाच असतात, त्यात अधिक बारा व्होल्टच्या शेजारी जमिनीचा संपर्क. कार्ड तिरपं बसलं तर या दोघांची गाठ पडू शकते. पट्टीशिवाय हा संगणक चालू करायचा नाही, असं ठरलं.

बारामतीच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे एक गृहस्थ आहेत, आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे भाऊ. आपल्या भागात हे कौशल्य वालचंदनगरपासून मुरलेलं आहे. जिथं साखर कारखान्यांची यंत्रं आणि इस्रोच्या रॉकेटचे भाग बनले, तिथं बोटभर पट्टीचं काय! आम्ही नमुना म्हणून नव्या संगणकातली पट्टी नेली. त्यांनी हुबेहूब बनवून दिली, आणि ती बसेना. कार्ड खोबणीच्या बाजूला पडत होतं. दोन दिवस आम्ही त्यांच्या कानशीला दोष दिला. चूक आमची होती. नव्वदच्या दशकात पीसीआय पद्धत आली, तिच्यात कार्डावरचे भाग उलट्या अंगाला असतात. फट तीच, पण कार्ड फटीच्या दुसऱ्या कडेला उभं राहतं, म्हणून पट्टीचे कान उलट बाजूला वळवावे लागतात. मग जुना बाजार, तापकीर गल्ली असं पुण्यात फिरून एक मेलेलं आयसा कार्ड आणलं आणि त्यावरून माप घेतलं.

दुसरा घोळ स्क्रूचा. गृहस्थांनी नेहमीचा तीन मिलिमीटरचा स्क्रू लावला, तो डब्याच्या भोकात नुसता फिरत राहिला. ते हसून म्हणाले, "सर, हे आटे आपल्याकडचे नाहीत." खरंच नव्हते. डब्यावर अमेरिकी माप, इंचाला बत्तीस आटे आणि व्यास साडेतीन मिलिमीटर. "अहो, मग काय करायचं?" तर त्यांनी एका जुन्या कॅबिनेटमधून चार स्क्रू काढून हातावर ठेवले. सिरियल पोर्टच्या कार्डाला आणखी तिसरंच माप. तिथं पट्टी कार्डाला वेगळ्या स्क्रूनं लागतच नाही. बाहेरच्या जोडणीच्या दोन बाजूंना षटकोनी खुंट्या असतात, त्याच पट्टीला आणि जोडणीला एकत्र आवळतात. त्यांना इंचाला चाळीस आटे. आम्हाला माहिती बाहेर काढायची होती ती याच कार्डातून. पट्टी नसती तर केबल लावताना कार्ड मागे ढकललं गेलं असतं, काढताना उपटून आलं असतं.

बसवायचा क्रम हा खरा धडा, आणि तो आम्ही चुकत शिकलो. पट्टी कार्डाला आधी पक्की आवळून मग खोचली आणि ती केसभर वाकडी असली, तर वरचा स्क्रू घट्ट करताना कार्डाचं पुढचं टोक खोबणीतून उचललं जातं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पट्टी आधी सैल ठेवायची. जीभ खालच्या फटीत उतरली का ते बॅटरी लावून पाहायचं. कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबायचं. डब्याचा स्क्रू लावायचा आणि कार्डाचे स्क्रू सर्वांत शेवटी. एरवी आपण लग्नातसुद्धा गाठ शेवटीच मारतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात, दुपारी वीज नीट असताना, संगणक चालू केला. डिस्क फिरली. हा आवाज तीस वर्षांनी ऐकला. कर्मिट नावाच्या जुन्या प्रोग्रॅमनं सिरियल केबलमधून एकेक फाइल लॅपटॉपवर घेतली. रात्र गेली. मजकूर इस्की संकेतात होता, आणि युनिकोडमधली देवनागरी मुळात इस्कीवरूनच बेतलेली, त्यामुळे रूपांतर अवघड गेलं नाही. डिस्कचा काही भाग मेला होता, तिथं तुटलेली वाक्यं आली, काही फाइली मधूनच संपल्या. दोन गावांच्या आठवणी मात्र पुऱ्या मिळाल्या.

पहिली फाइल उघडली तर ती एका आजीबाईंनी सांगितलेली गावातल्या विहिरींची यादी निघाली. आंब्याची, गोसाव्याची, खारी, आणि एक बिननावाची, जिच्यापुढे मुलानं कंसात लिहिलंय: आजी म्हणतात, नाव आठवतंय पण सांगणार नाही.