कौंडिण्याचं ताक

गणितात ‘मोनोटोनिक’ हे फार सज्जन विशेषण आहे. असं फलन चढणारं असेल तर चढेल, फार तर जागेवर थांबेल. खाली येणार नाही. रिक्षाचं मीटर तसं. रूढ तर्कशास्त्रही याच वळणाचं: गृहीतकं कितीही वाढवा, आधी निघालेला निष्कर्ष शाबूत राहतो. हयातभर मी हेच शिकवत आलो. व्याकरणाचा कारभार मात्र निराळा, आणि तो पतंजलीला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पुरता ठाऊक होता.

महाभाष्यातला त्याचा दाखला जेवणाचा आहे. ब्राह्मणांना दही द्यायचं, कौंडिण्याला ताक. आता कौंडिण्यही ब्राह्मणच. मग त्याला दोन्ही का नाही? द्यायला अडचण काहीच नाही. तरीही त्याला ताकच. खास आज्ञा आली की सर्वसाधारण आज्ञा त्याच्यापुरती हटते. दोन्ही शक्य असतानाही हटते, ही खरी मेख.

शाळेतले संधी पाहा. ‘इ’पुढे स्वर आला की ‘य्’ होतो: ‘अति’ आणि ‘अधिक’ मिळून ‘अत्यधिक’. पाणिनीचं हे सूत्र ६.१.७७. पुढे स्वर आहे एवढंच कळलं, तर ‘य्’ पक्का. मग कळतं की तो स्वरही ‘इ’च आहे. लगेच ६.१.१०१ आडवं येतं आणि कवि व इंद्र मिळून ‘कवींद्र’ होतो. माहिती वाढली आणि निष्कर्ष गेला!

सुमारे ४००० सूत्रं म्हटल्यावर अशी भांडणं होणारच. त्यांचा निवाडा करणाऱ्या परिभाषा, म्हणजे सूत्रं कशी लावावीत याचे नियम, अठराव्या शतकात काशीत नागेशभट्टांनी ‘परिभाषेंदुशेखरा’त तपासल्या. हे आडनावाने काळे, मराठी घराण्यातले. सूत्रांच्या बलाबलाच्या त्या उतरंडीत अपवाद सर्वांत बलवान. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या कीलहॉर्नने १८६८ ते १८७४ या काळात या ग्रंथाची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर काढलं.

संगणकवाल्यांना हीच अडचण विसाव्या शतकात भेटली. पक्षी उडतात, पण हा पेंग्विन निघाला, तर? १९८० मध्ये मॅकार्थी आणि रायटर या संगणकशास्त्रज्ञांनी अशा मागे घेता येणाऱ्या निष्कर्षांसाठी औपचारिक पद्धती मांडल्या. यावरून ‘सगळं आमच्याकडे होतंच’ असा डंका पिटू नये. नागेशभट्टांना यंत्राशी देणंघेणं नव्हतं, शब्द बरोबर सिद्ध व्हावा एवढंच हवं होतं.

मागे घेता येणाऱ्या निष्कर्षांचं हे तर्कशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एकच: पेंग्विन नंतर आणा. संधी मुलांना आधीच येतात, तिथून सुरू करा.