निपाणीच्या वखारी आणि संततिनियमनाची गोळी

मैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडली, तेव्हा बेळगाव जिल्हा, आणि त्यात निपाणीही, मुंबई इलाख्यात असल्याने ती सोय या भागाच्या वाट्याला आली नाही. मराठीत या विषयावर उघडपणे लिहिणारे मासिक म्हणजे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’, आणि १९५३ साली कर्वे वारले तोवर पोटात घ्यायची गोळी निघालीच नव्हती.

१९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एनोविड या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सुमारे १५० मायक्रोग्रॅम होते. प्वेर्तो रिकोतील चाचणीत बायकांनी मळमळ, चक्कर, डोकेदुखी सांगितली, डॉ. एड्रिस राइस-रे यांनी ती नोंदवलीही, परंतु संशोधकांनी तिला मनाचा खेळ ठरवले, हा या इतिहासातला मोठा अन्याय होय. पुढे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकण्याचा धोका सिद्ध झाला, आणि १९६९ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्यास सांगितले. भारतातील ‘माला’ गोळीत एथिनिल इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकाच्या व ७ लोहाच्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, स्तन दुखणे, मधेच रक्ताचे डाग दिसणे असा त्रास होतो, तो बहुधा पुढे ओसरतो.

निपाणीत मात्र या गोळीचा विचार तंबाखूला वगळून करता येत नाही. वखारीत तंबाखू चाळताना आणि घरी विड्या वळताना बायकांच्या नाकातोंडात दिवसभर धूळ जाते, आणि सकाळी दाताला मशेरी लावण्याची, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू चोळण्याची, सवय या पट्ट्यात जुनी आहे. या वखारींतील स्त्रियांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्याच गटातील दीपा धनराज यांनी १९९१ साली कुटुंबनियोजन कार्यक्रमावर ‘समथिंग लाइक अ वॉर’ हा माहितीपट काढला.

पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने ही गोळी घेऊ नये, कारण हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात, पण तो प्रश्न सिगारेटच्या हिशेबाने मांडलेला असल्याने, “ओढता का?” असे विचारल्यास मशेरी लावणारी बाई खरेपणानेच “नाही” म्हणते. तंबाखूतील निकोटिनने रक्तदाब चढतो आणि वाढलेला रक्तदाब हेही गोळी नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे. म्हणून या भागात पाकीट हाती देण्याआधी मशेरीची चौकशी करणे आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे अगत्याचे ठरते.