अपशकुन कोणाचा?

नाटकवाल्यांचे शकुन-अपशकुन हा आपल्याकडे गमतीचा विषय समजला जातो. पडद्याआधी नारळ फोडायचा, नटराजाला हार घालायचा, रंगमंचाच्या फळीला हात लावून तो कपाळी न्यायचा. वाशीम जिल्ह्यातल्या गावच्या हौशी नाटकांतही मी हेच पाहत आलो. आमच्या वस्तीतली बौद्ध पोरे त्यात असली की नारळाच्या वेळी ती मागे उभी राहतात; आणि पुढे प्रयोगात वीज गेली की नजरा त्यांच्याकडे वळतात. मला हा विषय गमतीचा वाटत नाही तो त्यामुळेच.

या भयाचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. पहिला प्रयोग दैत्यांच्या पराभवाचा होता. आपली विटंबना पाहून विरूपाक्ष आणि त्याचे साथी खवळले, नटांची वाचा आणि हालचाल त्यांनी गोठवली. ग्रंथ त्यांना 'विघ्न' म्हणतो. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले, आणि तोच दंड 'जर्जर' म्हणून पूजेला लागला! ज्याला रंगमंचावर अपमानित केले त्याची तक्रार म्हणजे विघ्न, आणि ज्या काठीने त्याला मारले ती देव. पुढे ब्रह्मदेव विरूपाक्षाची समजूत घालतो हे खरे. पण रंगपूजा न करता प्रयोग करणारा पशुयोनीत जाईल, ही धमकीही तिथेच आहे.

दुसऱ्या अध्यायात तर पडदाच उरत नाही. नाट्यगृहाचा पाया घालताना कोणाला दूर हाकलावे? पाखंडी, काषायवस्त्र नेसलेले, अपंग. काषायवस्त्रात भिक्खू आलाच. मागे उभ्या राहणाऱ्या पोरांचा पूर्वज इथे सापडतो. आणि शेवटी भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल केली म्हणून त्यांना शाप काय मिळाला, तर शूद्रत्वाचा. नटाला अशुभाचे भय का, याचे उत्तर त्याच्या जातीत लिहिलेले आहे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न राजशेखराने काव्यमीमांसेत इथेच लावले आहे. या वऱ्हाडात दंडार, तमाशा ज्यांच्या अंगात होता, त्यांना त्या लग्नाचे आमंत्रण नव्हते, एवढेच म्हणतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा गणपती आणि सरस्वती रंगभूमीवर आलेच. अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांचे भय दाखवून लुबाडतो. अशुभाचे भय हा धंदा आहे, हे मराठी नाटकाने इतक्या लवकर सांगितले होते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही.

पुढे सत्यशोधकी जलशाने गण ठेवला, पण गणपतीचा अर्थ लोकगणांकडे वळवला. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशात वंदन बाबासाहेबांकडे गेले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांनी तर गणपतीची उपासनाच सोडायला लावली. विघ्नहर्ता गेला, तरी प्रयोग झाले, ढोलकी फुटली नाही, शाहिराचा आवाज बसला नाही.

मात्र एक गोष्ट टोचते. जयंतीच्या मंचावर मेणबत्ती वाऱ्याने विझली की आपल्यातलेही काही जण हल्ली कुजबुजतात, कार्यक्रमाचे काही खरे नाही म्हणून. मी त्यांना वारा कोणत्या बाजूने येतो ते दाखवतो आणि मेणबत्ती आडोशाला हलवायला सांगतो.