वचननिष्ठेचे दोन मराठी मार्ग

न्हावा-शेव्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती शास्त्रवचन प्रथम पोहोचले ते पोर्तुगीज अमलात, लॅटिन उपासनेतून. चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. ऐकणाऱ्याला न कळणारे वचन ‘पोहोचले’ असे म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. शास्त्राशी निष्ठा म्हणजे शब्दाशी निष्ठा की श्रोत्याशी, याची मराठीतील दोन ठळक उत्तरे फादर स्टीफन्स आणि पंडिता रमाबाई यांची आहेत.

स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ट्रेंटच्या परिषदेनंतर रोमन चर्चने देशी भाषांतील बायबलवर कडक निर्बंध घातले होते. त्यामुळे भाषांतराची वाट जवळजवळ बंदच होती; पुनर्कथनाची मात्र मोकळी होती. जुनी पुराणे हिरावल्या गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्याने दोन्ही करारांची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्याला चालला. येथे वचन उद्धृत होत नाही, ते ओवीत विरघळते. श्रोत्याला शास्त्राचा आशय मिळतो; परंतु शास्त्र कोठे संपते आणि कवी कोठे सुरू होतो, हे ताडून पाहण्याचे साधन मिळत नाही.

रमाबाईंची भूमिका याच्या उलट टोकाची वाटते. तिचे मूळ मात्र पुराणकथनाच्या अनुभवातच आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे वाचून निर्वाह करी. हे वाचन संस्कृतात होई. अर्थ सांगण्याची गरज मानली जात नसे, कारण श्रवणानेच पुण्य लाभते अशी श्रद्धा होती. हे रमाबाईंनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात नोंदवले आहे. अर्थावाचून शब्द वाटणे म्हणजे काय, हे त्यांनी व्यासपीठावर बसून पाहिले होते. म्हणूनच केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले, ते खेड्यातील सामान्य स्त्रीला कळावे म्हणून. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर, हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले.

या काटेकोरपणाची किंमतही मोजावी लागली. ‘क्रिस्तपुराणा’च्या चार दशकांत तीन आवृत्त्या निघाल्या आणि ते पिढ्यानपिढ्या गायिले गेले. रमाबाईंचे बायबल मात्र बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा घेऊ शकले नाही. धर्मसंकेतांनी भारलेले शब्द वगळले की अर्थ निर्मळ होतो, पण त्या शब्दांभोवतीची श्रद्धेची ऊबही जाते.

तरीही केवळ प्रसारावरून निवाडा करणे योग्य ठरणार नाही. स्टीफन्सने श्रोत्याला कथेत सामावून घेतले. रमाबाईंनी त्याच्या हाती ग्रंथच दिला, म्हणजे सांगणाऱ्याला तपासण्याचा अधिकार दिला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात वचननिष्ठेचा विचार या अधिकाराला वगळून करता येत नाही.