बादलीतला हिवाळा

अंड्यालाही हंगाम असतो, हे आपण विसरलो आहोत. कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या उजेडावर अवलंबून. त्यामुळे इंग्लंडमध्ये वसंतात अंड्यांची रेलचेल असे, हिवाळ्यात टंचाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये तिथे अंड्यांवर नियंत्रण आले. माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडे. परसात कोंबड्या असलेल्या घरांतून मग वसंतातली जादा अंडी ‘वॉटरग्लास’मध्ये, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या द्रावणात, बादलीभर बुडवून ठेवत.

अंडे ताजे आणि न धुतलेले लागे. धुतले की कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते. द्रावणाने कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजत. जुन्या काळी हेच काम चुन्याची निवळी करी. काही महिन्यांनी आतला पांढरा बलक पातळ होई, नीट फेसला जात नसे. पण केकला अंडे चाले. उकडायचे तर आधी टाचणीने भोक पाडावे लागे, नाहीतर कोंडलेली हवा कवच तडकवी.

युद्धाचा इतिहास शिधापत्रिका मोजतो. मला मात्र ती टाचणी महत्त्वाची वाटते. आज कोणते अंडे खायचे आणि कोणते डिसेंबरसाठी राखायचे, हे ठरवणाऱ्या गृहिणीची नोंद त्यात क्वचितच सापडते. पुढे शीतकपाटे आली, खुराड्यांत विजेचे दिवे लागले आणि बादली अडगळीत गेली. तिच्याबरोबर वसंतातच हिवाळ्याचा विचार करण्याची सवयही गेली.